अपडेटनंतर टाइमलाइन उघडेल का?

९ फेब्रुवारी २०२० रोजी ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, त्यामुळे जगभर त्याची चर्चा झाली. संकलकांच्या वर्तुळात मात्र आणखी एका गोष्टीची चर्चा होती. या चित्रपटाचे संकलक यांग जिन-मो यांना त्या वर्षी संकलनाचं नामांकन होतं आणि त्यांनी हा चित्रपट ‘फायनल कट प्रो ७’ या सॉफ्टवेअरवर कापला होता. हे सॉफ्टवेअर २००९ सालचं. २०११ मध्ये अ‍ॅपलने त्याच्या जागी नवीच आवृत्ती आणली आणि जुनीकडे लक्ष देणं थांबवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये मॅकची ‘हाय सिएरा’ ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, तिच्यावर तर फायनल कट प्रो ७ सुरूच होत नाही. म्हणजे ‘पॅरासाइट’ ज्या संगणकावर घडला, तो त्याआधीच्याच सिस्टिमवर थांबवून ठेवलेला असणार.

हा केवळ एखाद्या कलावंताचा जुन्या हत्याराचा लळा नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात चालू कामाच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची नाही, हा अलिखित दंडक आहे. मोठ्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंत दोन-दोन वर्षं मागची सिस्टिम चालू असते आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही. घरी मोबाइलवर रात्री अपडेट लावून सकाळी काही झालंच नाही असं वापरणाऱ्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. पण पत्र टाइप करणारं सॉफ्टवेअर आणि सिनेमा कापणारं सॉफ्टवेअर यांचं ऑपरेटिंग सिस्टिमशी असलेलं नातंच वेगळं आहे.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर एकटं कधीच काम करत नाही. कॅमेऱ्यातून आलेलं फुटेज दाबून लहान केलेलं असतं. ते उलगडून पडद्यावर दाखवणाऱ्या गणिताला कोडेक म्हणतात. हा कोडेक कधी सॉफ्टवेअरमध्येच असतो, तर कधी ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसना घेतलेला असतो. रंग बदलणं, चित्र लहान-मोठं करणं, इफेक्ट लावणं ही जड कामं ग्राफिक्स कार्ड करतं आणि त्या कार्डाशी बोलायला ड्रायव्हर लागतो. मोठ्या मॉनिटरवर अचूक रंगात चित्र पाठवणारं कार्ड वेगळं, त्याचा ड्रायव्हर वेगळा. वर आणखी इतर कंपन्यांचे प्लगइन असतात: कुणी फुटेजमधला दाणेदारपणा काढतो, कुणी चेहरा उजळतो, कुणी अक्षरं नाचवतो. शिवाय लायसन्स तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम मागे चालू असतो, काही ठिकाणी त्यासाठी यूएसबीत खोचलेला डोंगल असतो. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या कंपनीने, वेगळ्या वर्षी, त्या वेळची सिस्टिम गृहीत धरून बनवलेला असतो. सिस्टिम बदलली की हे सगळे एकाच दिवशी नव्या घडीला जुळतील, अशी हमी कुणीच देत नाही. अ‍ॅविडसारखी कंपनी मीडिया कंपोझरची कोणती आवृत्ती कोणत्या सिस्टिमवर तपासून मान्य केली आहे, याचा तक्ताच प्रसिद्ध करते. जाणते एडिटर आधी तो तक्ता पाहतात आणि मगच अपडेटच्या बटणाला हात लावतात.

या विषयातला सगळ्यात मोठा हादरा ७ ऑक्टोबर २०१९ रोजी बसला. त्या दिवशी मॅकची ‘कॅटलिना’ सिस्टिम आली आणि ३२-बिट प्रोग्रॅम मॅकवर चालणं कायमचं बंद झालं.

३२-बिट प्रोग्रॅम एका वेळी जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीचा हिशेब ठेवू शकतो. संगणकात ३२ जीबी रॅम बसवलेली असली तरी फायनल कट प्रो ७ त्यातली चारच जीबी वापरणार. फुटेज एचडीचं ४के झालं तशी ही मर्यादा जाचू लागली आणि सगळ्यांना ६४-बिटकडे जावं लागणार हे उघड होतं. अडोबीने २०१० मध्येच प्रीमियर सीएस-५ फक्त ६४-बिट केला होता. २०१८ पासून हाय सिएरासुद्धा जुना प्रोग्रॅम उघडला की ‘हा प्रोग्रॅम तुमच्या मॅकसाठी सुधारलेला नाही’ अशा अर्थाची सूचना दाखवू लागली होती. म्हणजे अ‍ॅपलने अंधारात ठेवलं, असं म्हणता येणार नाही.

घोडं अडलं ते दुसरीकडे. कॅटलिनाबरोबर ‘क्विकटाइम ७’ हा जुना पायाही गेला. १९९० च्या दशकापासून मॅकवरचे शेकडो कोडेक या पायावर उभे होते. सोरेन्सन, सिनेपॅक, डिव्हएक्स ही नावं आज तरुण एडिटरांना ठाऊक नसतील, पण २००० ते २०१० या काळातल्या कितीतरी जाहिराती, माहितीपट आणि घरगुती व्हिडिओ अशाच स्वरूपात साठवलेले आहेत. फाइल हार्ड डिस्कवर जशीच्या तशी असते, तिचा आकारही दिसतो, पण उघडणारं कुणी उरत नाही. गोप्रोचा सिनेफॉर्म हा चांगला, दर्जेदार कोडेकही फायनल कटमध्ये याच फटक्यात अडकला. प्रीमियरमध्ये तो चालत राहिला, कारण तिथे तो उलगडणारं गणित अडोबीने स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलं होतं. फाइल तीच, संगणक तोच, तरी एका सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसतं आणि दुसऱ्यात दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

अ‍ॅपलने यावर उपाय दिला होता आणि तो चांगला होता. मार्च २०१९ मधली फायनल कटची १०.४.६ ही आवृत्ती लायब्ररी उघडताना जुन्या कोडेकच्या फाइल हुडकून काढायची आणि त्यांच्या प्रोरेस या अ‍ॅपलच्याच कोडेकमध्ये प्रती करून देऊ का, असं विचारायची. पण ही सोय मोहावे, म्हणजे कॅटलिनाच्या आधीची सिस्टिम, किंवा त्याहून जुन्या सिस्टिमवर असेपर्यंतच होती. एकदा कॅटलिनावर गेलं की ते रूपांतर करणारा पायाच उरत नव्हता. ज्याने आधी अपडेट लावलं आणि मग सूचना वाचल्या, त्याला जुन्या सिस्टिमचा दुसरा मॅक शोधावा लागला. असा क्रम उलटा होऊ शकतो, हे कंपनीला दिसत होतं. अपडेटच्या बटणाशेजारीच ‘तुमच्या डिस्कवर इतक्या फाइल पुढे उघडणार नाहीत’ असं लिहायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं. मोफत मिळणाऱ्या अपडेटची किंमत अशा वेळी वापरणाऱ्याच्या खिशातून जाते.

कॅटलिनाने आणखी एक बदल केला, तो फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही. सिस्टिमच्या फाइल वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या कप्प्यात गेल्या. त्यामुळे मुख्य डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर वापरणाऱ्याने ठेवलेले फोल्डर तिथे राहू शकले नाहीत. अपडेटच्या वेळी सिस्टिमने ते उचलून ‘रिलोकेटेड आयटम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले. जुन्या एडिटरांना नेमकी तिथेच फुटेज ठेवायची सवय होती. प्रोजेक्ट उघडला की सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर फुटेज शोधणार आणि टाइमलाइनवर ओळीने ‘मीडिया ऑफलाइन’च्या लाल चौकटी उभ्या राहणार. काहीच हरवलेलं नसतं. नवा पत्ता दाखवून फाइल पुन्हा जोडल्या की चित्र परत येतं. पण ज्या माणसाला संध्याकाळी चॅनेलला भाग पोचवायचा आहे, त्याचा जीव त्या लाल चौकटी पाहून टांगणीला लागतो.

दोष कुणाचा, हे अशा वेळी पटकन कळत नाही. कॅटलिना येण्याच्या पंधरवडाभर आधी, सप्टेंबर २०१९ च्या चौथ्या आठवड्यात, हॉलिवूडच्या एडिट रूममधले मॅक प्रो एकामागून एक बंद पडू लागले. बंद केलेला संगणक पुन्हा सुरूच होईना. बहुतेकांवर अ‍ॅविड मीडिया कंपोझर होतं, त्यामुळे संशयाची सुई साहजिकच अ‍ॅविडकडे वळली. कंपनीचे लोक रात्रंदिवस कारण शोधू लागले. शेवटी ते निघालं भलतंच: गुगल क्रोम. क्रोम स्वतःला गुपचूप अपडेट करतो. त्या अपडेट करणाऱ्या भागातल्या चुकीमुळे सिस्टिमचा एक महत्त्वाचा दुवा पुसला जात होता.

मग जगभरातले लाखो मॅक का बंद पडले नाहीत? कारण २०१५ पासून मॅकमध्ये ‘सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन’ नावाचं कवच असतं, ते असल्या फाइलना कुणाला हात लावू देत नाही. एडिटरांनी मात्र बाहेरची ग्राफिक्स कार्डं आणि उपकरणं चालवण्यासाठी हे कवच मुद्दाम उतरवून ठेवलं होतं. ते निष्काळजी नव्हते. त्यांची उपकरणं नव्या सिस्टिमशी जुळत नव्हती, म्हणून काम चालू ठेवण्यासाठी त्यांनी जी वाट काढली, तीच वाट पुढे दुसऱ्या कंपनीच्या चुकीला आत यायला मोकळी राहिली. तडजोडी अशाच साचत जातात.

ग्राफिक्स कार्डांची गोष्टही यातलीच. २०१० आणि २०१२ च्या मॅक प्रोमध्ये अनेकांनी पदरमोड करून एनव्हिडियाची ताकदवान कार्डं बसवली होती, कारण प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह एनव्हिडियाच्या कुडा या तंत्रावर झपाट्याने चालत. २०१८ मध्ये मोहावे आली आणि तिच्यासाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर आलाच नाही. अ‍ॅपलच्या मान्यतेशिवाय आपण तो देऊ शकत नाही, असं एनव्हिडियाने सांगितलं. अ‍ॅपलने आपलं बळ ‘मेटल’ या स्वतःच्या तंत्रामागे लावलं होतं. दोन कंपन्यांच्या या ताणाताणीत ज्यांनी कार्डं घेतली होती, त्यांना हाय सिएरावर थांबायचं किंवा कार्ड बदलायचं एवढेच पर्याय उरले. वर्षभरानंतर कुडाची १०.२ ही आवृत्ती आली आणि मॅकसाठी तीच शेवटची ठरली.

विंडोजवाल्यांची यातून सुटका झाली, असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये सुरक्षेच्या दोन त्रुटी उघड झाल्या. अ‍ॅपल त्या दुरुस्त करणार नव्हतं, म्हणून अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने क्विकटाइम काढून टाकण्याचा सल्ला दिला. आणि त्याच आठवड्यात अडोबीला सांगावं लागलं की आपल्या सॉफ्टवेअरमधले काही कोडेक अजून क्विकटाइमवरच अवलंबून आहेत. काढलं तर काम अडतं आणि ठेवलं तर संगणक धोक्यात. विंडोजवरच्या प्रीमियरमधून थेट प्रोरेस एक्स्पोर्ट करता येऊ लागलं, ते त्यानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये.

महाराष्ट्रातल्या लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओंत एडियस हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. साध्या संगणकावरही ते न अडखळता चालतं, म्हणून. त्याची ७ वी आवृत्ती पूर्ण ६४-बिट झाली, तेव्हा जुने ३२-बिट प्लगइन तिच्यात बसेनात. लग्नाच्या हंगामात दहा-बारा अल्बम रांगेत असताना नेहमीचा फुलांच्या चौकटीचा इफेक्ट गायब झाला, तर गिऱ्हाइकाला ६४-बिटचं कारण सांगून भागत नाही. आता विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारे संगणक केवळ या अटींपायी बाहेर पडत आहेत. लहान गावातल्या स्टुडिओला संगणक, विंडोज आणि सॉफ्टवेअर असा तिहेरी खर्च एकदम अंगावर घ्यावा लागतो. ‘जुनं झालं, टाकून द्या’ असं सांगणं सोपं आहे, पण त्या संगणकावर अजून हप्ते फिटत असतात.

मराठीत काम करणाऱ्यांची एक जास्तीची अडचण आहे, ती म्हणजे अक्षरं. बरीच वर्षं मराठी टायटल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केली जात. अशा फॉन्टमध्ये आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या सिस्टिमवर तो फॉन्ट बसवायचा राहिला, तर ‘शुभविवाह’ लिहिलेल्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, पण एडिटिंग सॉफ्टवेअरांना देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता यायला फार वेळ लागला. आजही चुकीचं सेटिंग असेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडल्यासारखी सुटी पडतात. त्यामुळे अनुभवी लोक महत्त्वाची मराठी टायटल पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या रूपातही जपून ठेवतात. अक्षरं एकदा चित्र झाली की कोणत्याही सिस्टिमवर ती बिघडत नाहीत.

अपडेट लावून पस्तावलं तर मागे फिरता येतं का? इथे खरी मेख आहे. सिस्टिम एकवेळ जुनी बसवता येते, पण प्रोजेक्ट मागे येत नाही. प्रीमियर, फायनल कट, रिझॉल्व्ह, तिन्हींचा स्वभाव सारखाच: नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट उघडला की त्याचं रूपांतर होतं आणि मग जुनी आवृत्ती तो ओळखत नाही. रिझॉल्व्हमध्ये तर सगळे प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे डेटाबेस अपग्रेड केला की सगळेच एकदम पुढे जातात. रिझॉल्व्ह आधी विचारतं, डेटाबेसची प्रत काढून ठेवायची सोयही देतं. घाईत असलेला माणूस ‘हो’ दाबून पुढे जातो.

प्रीमियरच्या बाबतीत एडिटरांनी एक वाट शोधली आहे. त्याची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून ठेवलेला साधा मजकूर असतो. ती उलगडून वरच्या ओळींतला आवृत्तीचा आकडा बदलला की जुनं प्रीमियर ती बऱ्याचदा उघडतं. कट जागेवर असतात, आवाज जागेवर असतो, नव्या आवृत्तीतले इफेक्ट तेवढे गळतात. दोन दिवसांचं काम वाचवायला एवढं पुरतं. मात्र जुनं प्रीमियर हाताशी असायला हवं आणि तेही गृहीत धरता येत नाही. मे २०१९ मध्ये अडोबीने आपल्या ग्राहकांना कळवलं की काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना त्यांच्याकडे यापुढे नाही. भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कुठवर द्यायची, हे मालकच ठरवतो. त्याआधीचा, एकदा विकत घेऊन कायमचा होणारा सीएस-६ ज्यांनी जपला होता, त्यांचीही वाट कॅटलिनाने अडवली, कारण त्याचा इन्स्टॉलर ३२-बिट होता.

यात सर्वाधिक काळजी वाटावी असा भाग जुन्या प्रोजेक्टांचा आहे. फायनल कट प्रो ७ चा प्रोजेक्ट आजचं फायनल कट थेट उघडत नाही. २१ जून २०११ रोजी फायनल कट प्रो एक्स बाजारात आलं तेव्हा जो संताप उसळला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. त्यानंतर दुव्याचं काम करणारी साधनं आली, पण त्यांना लागते एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रोजेक्टची रचना साध्या मजकुरात लिहिलेली फाइल, आणि ती काढण्यासाठी जुना प्रोजेक्ट आधी फायनल कट प्रो ७ मध्ये उघडावा लागतो. म्हणजे चालू स्थितीतला जुना मॅक हवाच. २००० ते २०११ या काळात फायनल कटवर असंख्य माहितीपट, मालिका आणि लघुपट कापले गेले. तयार चित्रपट मास्टरच्या रूपात असतो, पण न वापरलेल्या मुलाखती, पर्यायी शेवट, संकलकाने एकेका दृश्यावर केलेली रचना हे सगळं प्रोजेक्ट फाइलमध्येच असतं. विद्यार्थ्यांचं काम असो, की एखाद्या ज्येष्ठ गायकाची तासन्‌तासांची मुलाखत, ती रचना पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून कपाटात पडलेला जुना मॅक भंगारात देण्याआधी त्यातले प्रोजेक्ट एक्सएमएलमध्ये काढून ठेवणं हे आज कुणीतरी हाती घ्यायला हवं असं काम आहे. अशी यंत्रं इंटरनेटपासून तोडून चालू ठेवली, तर सुरक्षेचा प्रश्नही फारसा उरत नाही.

चालू कामासाठीची शिस्त त्या मानाने सोपी आहे. एक काम संपवून, सोपवून, पैसे हातात आल्यावरच अपडेटचा विचार करायचा. मूळ डिस्कला हात न लावता नवी सिस्टिम बाहेरच्या एसएसडीवर बसवायची, तिथून संगणक सुरू करायचा आणि जुन्या प्रोजेक्टची प्रत उघडून एक मिनिटाचा तुकडा शेवटपर्यंत एक्स्पोर्ट करून पाहायचा. नुसतं सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे सगळं जुळलं, असं नसतं. बहुतेक बिघाड एक्स्पोर्टच्या वेळी किंवा बाहेरच्या मॉनिटरवर चित्र पाठवताना वर येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं अपडेट मायक्रोसॉफ्टला थोड्याच दिवसांत थांबवावं लागलं होतं, कारण काहींच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फाइल पुसल्या गेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात अपडेट न लावण्याचा सल्ला अशा अनुभवांतून आला आहे.

मॅक वापरणाऱ्यांसमोर पुढची तारीख आता दिसू लागली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या एम-१ चिपवर जायला सुरुवात केली. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवण्याचं काम ‘रोझेटा २’ करतं. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की इंटेल मॅकसाठी ‘टाहो’ ही शेवटची सिस्टिम आणि रोझेटा पूर्ण रूपात मॅक-ओएस २७ पर्यंतच राहील. एडिटिंगची मुख्य सॉफ्टवेअरं केव्हाच नव्या चिपची झाली आहेत. अडचण आहे ती प्लगइनांची. नव्या चिपसाठीचं प्रीमियर फक्त इंटेलसाठी लिहिलेला प्लगइन आत घेत नाही, म्हणून अनेकजण आजही प्रीमियरच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत ‘ओपन युजिंग रोझेटा’वर खूण करून काम भागवतात. ती खूण काढून एक जुना प्रोजेक्ट उघडला की कोणते इफेक्ट गायब होतात, ते लगेच समोर येतं. त्या प्लगइनांच्या कंपन्या चालू आहेत का, नवी आवृत्ती देतात का, हे विचारायला आणि नसेल तर ते इफेक्ट असलेले शॉट रेंडर करून ठेवायला अजून वेळ आहे.